टायर लडाखचे, रस्ता चांदणी चौकाचा

गेल्या काही महिन्यांत हापिसातल्या चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. चौघांकडे अ‍ॅडव्हेंचर टूरर बाईक आहेत. दोघांकडे हिमालयन, एकाकडे केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर आणि एकाकडे एक्सपल्स. चौघांचेही गाडीबरोबर आलेले टायर संपत आलेत. आणि चौघांचाही प्रश्न असा: "अरे, बटन टायर कुठले टाकू?"

प्रश्न नीट वाचा. कुठले टायर टाकू असं कोणी विचारत नाहीये. बटन टायर टाकायचे हे आधीच ठरलंय, आता फक्त ब्रँड सांगायचा. हीच माणसं हापिसात क्लायंटने येऊन "आम्हाला अमुकच डेटाबेस पाहिजे" म्हटलं की तोंड वाकडं करतात आणि मीटिंगमधून बाहेर आल्यावर "आधी रिक्वायरमेंट तर सांगा, सोल्युशन कसलं सांगता?" म्हणून अर्धा तास हसतात. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र रिक्वायरमेंट नावाचा प्रकार यांच्या गावीही नसतो. रिक्वायरमेंट एकच, फोटोत गाडी दणकट दिसली पाहिजे.

तर आजचं प्रवचन टायरवर. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना लवकर येईल. पुण्यामुंबईत नोकरी करणाऱ्या, रोज डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने आपल्या अ‍ॅडव्हेंचर बाईकला बटन टायर लावणं हा मूर्खपणा आहे. पैशाचा तर आहेच, पण पैसा तुमचा, तुम्ही उडवा. मला भांडायचंय ते ब्रेकवरून.

आधी हिशोब. मी गाडीची वही ठेवतो (हो, कागदाची वही. हसा). गेल्या वर्षी माझी गाडी ११,४०० किमी चालली. त्यातले ५,२०० हिंजवडीला जाण्यायेण्यात. ४,६०० शनिवार-रविवारी ताम्हिणी, वरंधा, माळशेज, आंबोली आणि कोकणातल्या फेऱ्यांत. १,४५० बदामी-हंपीच्या एका मोठ्या ट्रिपमध्ये. आणि खरोखर कच्च्या रस्त्यावर, म्हणजे मुरूम, खडी, चिखल, नदीतले गोटे वगैरे, १५० किमी. टक्केवारी काढली तर १.३. म्हणजे शंभरातले जवळजवळ नव्याण्णव किलोमीटर डांबर किंवा काँक्रीट. आणि मी काही घरात बसणारा प्राणी नाही, मित्रमंडळींत मला बऱ्यापैकी भटक्या समजतात. तुमचा हिशोब तुम्ही काढा. पाच टक्क्यांच्या वर कच्चा रस्ता निघाला तर मी मनापासून सलाम करीन.

आता बटन टायर काम कसा करतो ते बघू. मोकळ्या मातीत पकड मिळते ती खोल रुतण्याने. मोठमोठे रबरी ठोकळे, त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा. ठोकळा मातीत घुसतो, त्याच्या कडा मातीला धरतात, चाक फिरलं की मधल्या जागेतला चिखल बाहेर फेकला जातो. फार सुंदर डिझाईन आहे. पण डांबरात ठोकळा घुसत नाही. डांबरावर पकड मिळते ती रबर रस्त्याला किती चिकटतं आणि किती रबर टेकतं यावर. बटन टायरचे फक्त ठोकळ्यांचे माथे टेकतात, मधली जागा हवेत. वर हे ठोकळे उंच, म्हणजे ब्रेक मारला किंवा गाडी वळणात झुकवली की ते वाकतात. गाडी किंचित डुलते, हँडलला कळतं की खाली काहीतरी हलतंय. कोरड्या रस्त्यावर माणूस याला सरावतो. ओल्या रस्त्यावर सरावायला वेळ मिळत नाही.

आमच्यातले एक महाशय म्हणतात, "उलट पावसात बटन चांगले. एवढ्या मोठ्या खाचा, पाणी पटकन निघून जातं." ऐकायला पटतं. पण मोटरसायकलचा टायर गोल पाठीचा आणि अरुंद असतो. हिमालयनचा पुढचा तर ९०/९०-२१, म्हणजे जेमतेम ९० मिमी रुंद. तो आपल्या नेहमीच्या वेगाला पाणी तसंही बाजूला सारतो. पाण्यावर तरंगणं ही मुख्यतः रुंद, सपाट टायरच्या चारचाकीची दुखणी. आपण पावसात घसरतो ते वेगळ्याच कारणांनी: जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर वर्षभराची धूळ आणि तेल मिसळून झालेला साबण, झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग, पेव्हर ब्लॉक, पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, घाटात ट्रकने सांडलेलं डिझेल. या सगळ्यांवर काय उपयोगी पडतं? रबराचा दर्जा आणि टेकलेल्या रबराचं क्षेत्रफळ. रस्त्यासाठी बनवलेल्या चांगल्या टायरच्या रबरात सिलिका घालतात ती बरीचशी ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठीच. बटन टायरकडून मुख्य अपेक्षा असते ती ठोकळा दगडावर तुटू नये ही.

अकरावीचं फिजिक्स काढा. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले घर्षणांक गुणिले ९.८१. वेग ताशी ६० किमी घ्या. एका टायरचा ओल्या रस्त्यावरचा घर्षणांक ०.७ धरा, दुसऱ्याचा ०.५. (हे कुठल्या ब्रँडचे आकडे नाहीत, फरक समजावा म्हणून घेतलेत.) पहिली गाडी साधारण २० मीटरवर थांबते, दुसरी २८ मीटरवर. आठ मीटरचा फरक. "आठच मीटर?" असं वाटलं असेल तर गंमत पुढे आहे. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी दुसरी गाडी अजून ताशी ३२ किमीने धावत असते. म्हणजे एकाला रिक्षाच्या मागच्या पडद्यावरची जाहिरात वाचता येते आणि दुसरा त्या पडद्यातून आत जातो. आणि हे ताशी ६० ला. हायवेला कोण ६० ने जातं?

"पण एबीएस आहे ना!" आहे. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचंच झालं आणि फार चांगलं झालं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. टायरमध्ये जेवढी पकड आहे तेवढी तो नीट वापरतो. नसलेली पकड तो कुठून आणणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण बहुतेक एबीएससाठीच केलेली असावी.

आता या सगळ्या गोंधळाला जबाबदार असलेला एक आकडा: ५०/५०. अ‍ॅडव्हेंचर टायरच्या जाहिरातीत असं गुणोत्तर लिहिलेलं असतं. ९०/१० म्हणजे नव्वद टक्के रस्ता, दहा टक्के कच्चा. ८०/२०, ६०/४०, ५०/५० असं खाली खाली. हे मोजायची कुठलीही सर्वमान्य चाचणी नाही. लोड इंडेक्सला तक्ता आहे, वेगाच्या अक्षराला तक्ता आहे, या गुणोत्तराला काही नाही. कंपनीच्या मार्केटिंगला जे वाटलं ते. आणि आपल्या डोक्यात त्याचा अर्थ शिरतो "दोन्हीकडे सारखाच चांगला". प्रत्यक्षात अर्थ एवढाच की दोन्हीकडे तडजोड आहे. कॉन्टिनेंटलचा टीकेसी ८० घ्या, जगभरात नावाजलेला बटन टायर. तो मातीत जे करतो त्याची किंमत डांबरावर वसूल करतो. झीज लवकर, आवाज जास्त, ओल्यात जपून. हे तो टायर आवडणारेच सांगतात. ऐकणाऱ्याला फक्त "जगभरात नावाजलेला" एवढंच ऐकू येतं.

मग निघतो हुकमाचा एक्का. "अरे पण मला लडाखला जायचंय!"

जा ना. जरूर जा. पण नकाशा उघडा. पुण्याहून मनाली जवळजवळ दोन हजार किलोमीटर आणि ते सगळे हायवेचे. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किमीचा अटल बोगदा उघडल्यापासून रोहतांगचा चिखलही टळला. मनाली-लेह रस्त्याचा बराच मोठा भाग बीआरओने डांबरी केलाय, मधले तुटलेले तुकडे आणि पाण्याचे नाले सोडले तर. म्हणजे जाऊन येऊन पाच हजारांच्या वर किलोमीटर, आणि त्यात खरा कच्चा रस्ता फार फार तर दोनतीनशे. आता मऊ बटनांचा मागचा टायर सामानाने लादलेल्या गाडीवर हायवेच्या उन्हात घासत नेलात, तर मनालीला पोचेपर्यंत त्याची मधली बटनं निम्मी झालेली असतात. ज्या तीनशे किलोमीटरसाठी तो घेतला, त्यांच्यासाठी काही उरतच नाही! लग्नाला जाताना वाटेतच अहेराचे पेढे खाऊन टाकण्यातला प्रकार.

आणि तिकडचे लोक काय वापरतात तेही बघा. स्पितीत काझाला हिमाचल परिवहनची बस साध्या टायरवर जाते. इतकं लांब कशाला, वेल्ह्याच्या बाजूला तोरण्याच्या पायथ्याशी जा. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून स्प्लेंडरवाला भर जुलैत ज्या पाऊलवाटेने खाली येतो, तिथे आपल्यातले निम्मे जण गाडी ढकलत नेतील. त्याच्या टायरकडे बघा. साधी नक्षी. त्याला रस्ता माहीत आहे, वेग माहीत आहे आणि हवा किती ठेवायची ते माहीत आहे. आपण कौशल्याची कमतरता रबराने भरून काढायला निघालोय.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे, तो असा: "ऑफरोड करायचंच नाही तर अ‍ॅडव्हेंचर बाईक घ्यायची कशाला?" चांगला प्रश्न आहे. उत्तर असं की आपले डांबरी रस्तेच अ‍ॅडव्हेंचर आहेत. मुंबई-गोवा महामार्गाने पंधरा वर्षं ज्यांनी कंबर मोडून घेतली त्यांना विचारा. या गाड्यांचं लांब सस्पेन्शन, मोठं पुढचं चाक, सरळ बसता येणं, सामान लादता येणं, मोठी टाकी, हे सगळं आपल्या रस्त्यांना शंभर टक्के उपयोगी आहे. पण खड्डा आणि ऑफरोड यात फरक आहे मंडळी. खड्डा झेलतं सस्पेन्शन. खड्डा झेलते टायरची बाजूची भिंत आणि आतली योग्य हवा. बटनं खड्ड्यात काहीही करत नाहीत. खड्ड्याच्या कडेवर ब्रेक लावलात तर तिथेही डांबरच आहे, आणि डांबरावर कोण चांगलं ते वर सांगून झालंय. गाडी अ‍ॅडव्हेंचर असणं आणि टायर बटनाचा असणं यांची गाठ ब्रोशरमधल्या फोटोंनी मारलीय, ब्रह्मदेवाने नाही.

आता दुसऱ्या टोकाचे लोक, कारण बटनवाल्यांना झोडपताना यांना मोकळं सोडलं तर अन्याय होईल. हे म्हणजे "माझा टायर बावीस हजार चालला" वाले. यांच्या लेखी टायरचा एकच गुण, तो संपत नाही. मागचा टायर पार गोटा झाला तरी हे बोटाने चाचपून म्हणणार, "अजून नक्षी आहे की!" केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी कमीत कमी ०.८ मिमी असली पाहिजे. हा कायद्याचा किमान आकडा आहे, म्हणजे पस्तीस मार्क. पस्तीस मार्कवाल्याला तुम्ही मुलाखतीलाही बोलावत नाही आणि त्याच टायरवर भर पावसात वरंधा उतरता? मी तरी दोन मिमीच्या आसपास आलं की मे महिन्यातच टायर बदलतो. शिवाय हायवेला सरळ चालवून टायर मधूनच घासतो आणि चौकोनी होतो. मग घाटात गाडी सलग झुकत नाही, एका कडेवरून धप्पकन पडल्यासारखी वळते. मायलेजचा अभिमान मिरवणाऱ्यांना हे जाणवतसुद्धा नाही, कारण ते हळूहळू होतं.

जास्त चालणारा टायर म्हणजे बहुतेकदा कडक रबर, आणि कडक रबर ओल्यात कमी धरतं. टायर बनवणाऱ्यांनी यावर बरंच काम केलंय, मध्ये कडक आणि कडेला मऊ असे दोन रबरांचे टायरही काढले. पण फुकट काही मिळत नाही. दहा हजार किलोमीटर जास्त चालून टायरमागे वाचतात दोनतीन हजार रुपये. एका वीकांताचा मॉलचा खर्च.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी नेमकी कोणीच विचारत नाही. टायरचं वय.

टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. रबर दुकानात पडून राहिलं तरी म्हातारं होतं. उष्णता, ऊन आणि हवा यांनी ते कडक होत जातं. नक्षी नवीकोरी, रबर लाकडासारखं. मोठ्या टायर कंपन्या साधारणपणे पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहाव्या वर्षी नक्षी कितीही असली तरी काढून टाका असं सांगतात. आपल्या उन्हात, उघड्या पार्किंगमध्ये, मी दहाची वाट बघणार नाही.

मागे मी एका मोठ्या दुकानात इम्पोर्टेड टायर बघायला गेलो. दुकानदाराने नक्षी, पकड, जर्मनी वगैरे पंधरा मिनिटं ऐकवलं. मी वाकून आकडे वाचले तर टायर तीन वर्षं जुना. म्हटलं, "हा तीन वर्षांपूर्वीचा आहे." तो म्हणाला, "साहेब, हे ब्रेडचं पाकीट आहे का? रबर आहे!" वर किमतीत एक रुपया कमी नाही. मी नमस्कार केला आणि निघालो. राग त्याच्यापेक्षा आपल्या लोकांचा आला, कारण तो पुढे म्हणाला की आजवर हे आकडे कोणी विचारलेच नाहीत. आणि तो खरं बोलत असावा. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण तीनदा वाचतो.

इम्पोर्टेडच्या बाबतीत हे मुद्दाम सांगायचं कारण आहे. जून २०२० मध्ये सरकारने मोटरसायकलसकट बऱ्याच नव्या टायरांची आयात 'मुक्त' वरून 'प्रतिबंधित' यादीत टाकली. म्हणजे आणायचे तर परवाना. माल कमी येतो, मागणी हौशी, आणि जो येतो तो विकला जाईपर्यंत मांडणीवर बसतो. इम्पोर्टेड वाईट असं मी म्हणत नाही. पिरेली, मिशेलिन, मेट्झलर यांचे रस्त्याचे टायर उत्तमच आहेत. पण दोन-तीन वर्षं शिळा परदेशी टायर आणि दोन महिन्यांपूर्वी बनलेला देशी टायर यात मी डोळे मिटून दुसरा घेईन. सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना आपल्या नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. तिथून निघालेला माल ताजा मिळण्याची शक्यता बोटीने आलेल्या मालापेक्षा जास्त, हे सांगायला लॉजिस्टिक्सची डिग्री लागत नाही. एमआरएफ, अपोलो, टीव्हीएस यांनीही गेल्या काही वर्षांत या मापात चांगली नक्षी काढली आहे. आयएसआयचा छाप आणि तारीख बघून घ्या, कॉलर ताठ करून फिरा.

आता जरा गंभीर. आपण गाडीवर एकटे नसतो. मागे कोणीतरी बसतं. बायको, मैत्रीण, भाऊ, कधी आई. टायर निवडताना या माणसाला कोणी बोलावत नाही. त्याने कुठला व्हिडिओ बघितलेला नसतो, त्याला फोटोही काढायचा नसतो. ते आपलं विश्वासाने मागे बसलेलं असतं, आणि गाडी घसरली की पकडायला त्याच्या हातात हँडलही नसतं.

त्या माणसासाठी टायरवरचा आणखी एक आकडा वाचा. मापाच्या पुढे '६४एस' असं काहीतरी असतं. ६४ हा लोड इंडेक्स, म्हणजे २८० किलो. एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंत. आता साधा हिशोब: गाडी २०० किलो, दोन माणसं १३५, बॅगा-हेल्मेट वगैरे ३०. एकूण ३६५. यातला साठ ते पासष्ट टक्के भार मागे धरला तर मागच्या टायरवर २२० ते २४० किलो. ६४ वाल्याला हे आरामात पेलतं. पण केवळ मातीसाठी बनवलेला, ५७ इंडेक्सचा टायर उचललात तर त्याची मर्यादा २३० किलो. म्हणजे डबलसीट आणि सामान झालं की तुम्ही काठावर. आणि ही मर्यादा हवा पूर्ण असतानाची. "ऑफरोडला हवा कमी करायची असते" हे ऐकून कमी केलेली हवा परत भरायची विसरलात, तर तीही राहत नाही. मोटोक्रॉसच्या टायरवर तर हा हायवेसाठी नाही असं कंपनीने स्वतःच छापलेलं असतं. तरी लोक बसवतात, कारण कडक दिसतो!

"मागे एक साईज मोठा टाकू का? भरदार दिसतो" हा त्याच जातीचा प्रश्न. १२० च्या रिमवर १४० कोंबला की टायर दोन्ही बाजूंनी आवळला जातो, त्याची पाठ उंचावते, गाडीचं वळण बिघडतं, चेनलाही घासू शकतो. गाडी बनवणाऱ्याने माप ठरवताना काहीतरी विचार केला असेल एवढा मोठेपणा त्याला द्या.

मग घ्यायचं काय? सांगतो. कंपनीने दिलेलंच माप. कंपनीने दिलेला किंवा त्याहून जास्त लोड इंडेक्स. रस्त्याकडे झुकलेली नक्षी, म्हणजे ज्यांना ९०/१० किंवा ८०/२० म्हणतात ते. मध्ये रबर जवळजवळ सलग, खाचा मध्यम. असा टायर कोरडा मुरूम, खडी, शेताकडचा रस्ता सहज काढतो, फक्त थोडं हळू. पुढचा-मागचा शक्यतो एकाच जोडीतला. एक रेडियल आणि एक बिनरेडियल अशी खिचडी नको. तारीख सहा महिन्यांच्या आतली मागा, वर्षाच्या पुढे गेली तर दुकान बदला. स्पोकच्या ट्यूबवाल्या चाकात नव्या टायरबरोबर नवी ट्यूबही घाला, तिथे दोनचारशे वाचवू नका. बसवताना बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना ते स्वतः बघा, पोरं उलटा बसवतात. आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून, नवा टायर गुळगुळीत असतो. हवेचं प्रेशर मोजायचं स्वतःचं यंत्र घ्या. पंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा असेल तर कुंडलीवरही ठेवायला हरकत नाही. :-)

आणि बटन टायर कोणी घ्यावा? चौघांपैकी एक्सपल्सवाल्याला मी "बिनधास्त घे" म्हणालो. कारण तो दर रविवारी पहाटे उठून खरोखर मातीत जातो, आठवड्यात चारदा पडतो, शिकतो, आणि हापिसला कंपनीच्या बसने येतो. त्याच्या गाडीचा निम्म्याहून जास्त प्रवास मातीवर आहे. त्याला डांबरावर सोसावं लागेल ते तो जाणून सोसतोय आणि एकटाच सोसतोय. त्याची रिक्वायरमेंट आहे. बाकी तिघांची हौस आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ब्रेक मारल्यावर लागणारं अंतर हौस बघून कमी होत नाही.

असो. तिघांपैकी दोघं माझ्याशी सध्या बोलत नाहीत आणि तिसऱ्याने रस्त्याचे टायर घेतले, पण टाकीवर हिमालयाचं स्टिकर लावलंय. चालेल. स्टिकरने कोणी घसरत नाही.

तुम्ही एक करा. आज शनिवार आहे, खाली पार्किंगमध्ये जा, गाडीशेजारी उकिडवे बसा आणि दोन्ही टायरवरचे ते चार-चार आकडे वाचा. धूळ असेल, ओल्या फडक्याने पुसा. मग मागच्या वर्षी कुठे कुठे गेलात ते आठवून कच्च्या रस्त्याची टक्केवारी काढा. हे दोन्ही आकडे हातात आल्यावर दुकानात जा.

पुढच्या शनिवारी चेन आणि स्प्रॉकेट. तोवर हवा तपासा.